सतरा वर्षांचा रुग्ण, दोन वॉर्डांच्या मधे : हॉजकिन लिम्फोमाचं एक प्रकरण

या प्रकरणातला मुलगा म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. किशोरवयात हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा एक कर्करोग, झालेल्या रुग्णांच्या बाबतीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते एकाच्या वाटचालीत गुंफून इथे मांडले आहेत. औषधं, त्यांच्या मात्रा आणि तपासण्यांचे निकष मात्र प्रत्यक्षात वापरले जातात तेच आहेत.

मुलगा १७ वर्षांचा, स्पर्धांमध्ये उतरणारा जलतरणपटू. सुरुवात झाली खाजेपासून. पुरळ नाही, चट्टे नाहीत, तरी रात्र रात्र पाय खाजवत बसायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मग कोरडा खोकला सुरू झाला, त्यावर अँटिबायोटिक झालं. पोहताना दम लागतो म्हणाला, तर सराव कमी पडतोय असं प्रशिक्षकांना वाटलं. मानेच्या डाव्या बाजूला, हासळीच्या हाडावर एक गाठ त्याला स्वतःलाच हाताला लागली होती. ती दुखत नव्हती, म्हणून तो गप्प राहिला. दुखत नाही ती गाठ निरुपद्रवी, असा समज फार पक्का आहे आणि लिम्फोमाच्या बाबतीत तो नेमका उलटा ठरतो.

यात सगळ्यात महागात पडला असता तो खोकल्यासाठी दिलेला स्टिरॉइडचा छोटा कोर्स. खाज थांबली, गाठ निम्मी झाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. लिम्फोमाच्या काही पेशी स्टिरॉइडने मरतात, त्यामुळे गाठ तात्पुरती दबते आणि त्या काळात बायोप्सी केली तर निदान हुकू शकतं. तीन आठवड्यांत गाठ पुन्हा वाढली तेव्हा कुठे छातीचा एक्स-रे निघाला. दोन्ही फुफ्फुसांच्या मधल्या जागेत मोठी सावली होती, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठी.

तरुण रुग्णांचं निदान असं रेंगाळतं यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. या वयात कॅन्सर दुर्मीळ, थकवा आणि खोकला मात्र रोजचे. पण एक साधा नियम पाळता येतो : हासळीच्या हाडावरची गाठ कोणत्याही वयात गंभीरपणे घ्यायची, आणि ती कशाची आहे हे कळेपर्यंत स्टिरॉइड द्यायचं नाही.

बायोप्सीच्या आधी भूलतज्ज्ञांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "रात्री किती उशा घेऊन झोपतोस?" उत्तर होतं तीन. आडवं झाल्यावर छातीतली गाठ श्वासनलिकेवर दाब देत होती. अशा रुग्णाला पूर्ण भूल देऊन पाठीवर झोपवणं जिवावर बेतू शकतं. म्हणून अर्धवट बसवून, जागेवरच बधिर करून मानेतली अख्खी गाठ काढली. नुसती सुई घालून पेशी ओढल्या असत्या तर भागलं नसतं. हॉजकिनमध्ये ज्यांच्यावरून आजार ओळखतात त्या रीड-स्टर्नबर्ग पेशी गाठीच्या फार थोड्या भागात असतात, बाकी सगळी गर्दी त्यांच्याभोवती जमलेल्या साध्या पेशींची. निदान पक्कं झालं. शरीरातला सक्रिय आजार चमकताना दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये मान, छाती आणि प्लीहा या तिन्ही ठिकाणी आजार दिसला, म्हणजे तिसरा टप्पा.

ताप येतो का, घाम येतो का, वजन उतरलंय का, हे आईबाबांसमोर विचारलं तेव्हा सगळ्याला "नाही" असं उत्तर मिळालं. नंतर समन्वयक सिस्टरनी तो एकटा असताना हेच पुन्हा विचारलं. घामाने रात्री दोनदा टी-शर्ट बदलावा लागतो, भिजलेला पलंगाखाली टाकतो आणि सकाळी गुपचूप धुवायला देतो, असं त्याने सांगितलं. आईला काळजी नको म्हणून. या एका उत्तराने आजाराच्या टप्प्यापुढे, अशी लक्षणं असल्याची खूण म्हणून, 'बी' हे अक्षर लागलं, आणि त्याबरोबर उपचारांची तीव्रता बदलली. किशोरवयीन रुग्णाला प्रत्येक भेटीत थोडा वेळ एकट्याने भेटायचं, हा युवा कर्करोग विभागांचा नियम केवळ सौजन्यापोटी नाही. त्याशिवाय वैद्यकीय माहितीच अपुरी राहते.

आता खरा पेच. त्याला ठेवायचं कुठे?

या रुग्णालयात १६ वर्षांपर्यंत बालविभाग आणि त्यापुढे प्रौढविभाग अशी सरळ रेघ होती. बालविभागात शेजारी चार वर्षांची मुलं आणि भिंतीवर ससे, प्रौढविभागात शेजारी साठीचे रुग्ण. हे अवघडलेपण खरंच असतं आणि ते कमी लेखू नये. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० साली किशोरांसाठी पहिला स्वतंत्र कर्करोग कक्ष उघडला, त्यामागे हीच अडचण होती. त्यातूनच पुढे टीनेज कॅन्सर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचं काम वाढत गेलं. २००५ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मुलं आणि तरुणांच्या कर्करोगसेवेबद्दल मार्गदर्शन जाहीर केलं, तेव्हा वयाला साजेशा जागेचा आग्रह त्यात होताच. पण माझ्या मते जागेपेक्षा मोठा प्रश्न आहे तो औषधांचा, आणि त्याची चर्चा फार कमी होते. रुग्ण कोणत्या दारातून आत येतो यावर त्याला कोणता उपचार मिळणार हे ठरतं.

रक्ताच्या कर्करोगात हे लख्ख दिसलं होतं. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या १५ ते २० वर्षांच्या रुग्णांची फ्रान्समध्ये तुलना झाली आणि २००३ साली ती प्रसिद्ध झाली. बालविभागाच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ६७ टक्के पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगत होते, प्रौढविभागाच्या पद्धतीने घेतलेल्यांपैकी ४१ टक्के. वय तेच, आजार तोच, दार वेगळं. हॉजकिनमध्ये चांगले उपचार मिळाले तर दोन्ही दारांतून बहुतेक तरुण बरे होतात, त्यामुळे तिथे फरक दिसतो तो पुढच्या पन्नास वर्षांत शरीराला काय किंमत मोजावी लागते त्यात.

दोन्ही विभागांचे डॉक्टर एका टेबलाशी बसले ते यासाठी. प्रौढविभागाचा नेहमीचा मार्ग एबीव्हीडी. ही चार औषधं सत्तरच्या दशकात मिलानमध्ये कर्करोगतज्ज्ञ बोनाडोना यांनी एकत्र आणली आणि जगभर ती रुळली आहेत. सहा चक्रांत डॉक्सोरुबिसीनची एकूण मात्रा होते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम, आणि तिचा भार हृदयावर पडतो. त्यात ब्लिओमायसीन आहे, ते फुफ्फुसांना इजा करू शकतं. दुसऱ्या पेट स्कॅननंतर आजार शमलेला दिसला तर ते वगळता येतं, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रॅथल चाचणीने दाखवलं; पण पहिली दोन चक्रं तरी घ्यावीच लागतात. जमेची बाजू अशी, की एबीव्हीडीने प्रजननक्षमतेला फारसा धक्का बसत नाही.

बालविभागाचा युरोपीय मार्ग म्हणजे ओईपीए या औषधसंचाची दोन चक्रं आणि त्यानंतर, या टप्प्यातल्या रुग्णाला, कॉपडॅक या दुसऱ्या संचाची चार. डॉक्सोरुबिसीन एकूण १६० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मं. ब्लिओमायसीन अजिबात नाही. दोन चक्रांनंतरच्या पेट स्कॅनमध्ये प्रतिसाद पुरेसा दिसला तर छातीला रेडिएशनही नाही. पण कॉपडॅकमध्ये सायक्लोफॉस्फामाइड आहे, चार चक्रांत दर चौरस मीटरला ४ ग्रॅम. या गटाच्या औषधांची मात्रा नेमकी याच आकड्याच्या पुढे गेली की शुक्राणू कमी होण्याचा धोका वाढतो. शिवाय स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा, प्रत्येक चक्रात पंधरा दिवस.

तिसरा मार्गही टेबलावर आला. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध एव्हीडीबरोबर, म्हणजे एबीव्हीडीतून ब्लिओमायसीन वगळून उरलेल्या तीन औषधांबरोबर, देण्याचा. अमेरिका आणि कॅनडातल्या बाल आणि प्रौढ संशोधन गटांनी एकत्र येऊन १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांवर ती चाचणी केली आणि २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी ९२ टक्के रुग्णांचा आजार बळावलेला नव्हता, तुलनेच्या गटात ८३ टक्के. रेडिएशन १ टक्क्याहूनही कमी जणांना लागलं. १२ वर्षांची मुलं आणि साठीपुढचे रुग्ण एकाच चाचणीत घेतले गेले ही मला त्या निकालाइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण मधल्या वयाचे रुग्ण एरवी दोन्हीकडच्या चाचण्यांतून निसटतात. या मुलाला ते औषध तेव्हा उपलब्ध होऊ शकलं नाही, म्हणून निवड पहिल्या दोन मार्गांतच करायची होती.

फुफ्फुसं आणि हृदय वाचवायचं की प्रजननक्षमता? हा प्रश्न डॉक्टरांनी आपापसात मिटवला नाही, मुलासमोर ठेवला. त्यासाठी आधी त्याला आजाराचं नाव सांगायला हवं होतं, आणि तिथे बाबा अडले. "डॉक्टर, त्याला फक्त इन्फेक्शन आहे असं सांगा. परीक्षा तोंडावर आहे, खचून जाईल तो." वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "मी काय काय सांगायचं ते आपण ठरवू, पण त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." मुलाला कळलेलंच होतं. बायोप्सीच्या कागदावर प्रश्नचिन्हापुढे लिहिलेला शब्द त्याने फोनवर शोधला होता, आणि आईबाबांना माहीत नसावं म्हणून आठवडाभर तोही गप्प होता. एकाच घरात तिघं जण एकमेकांपासून तेच लपवत होते.

त्याने बालविभागाचा मार्ग निवडला. कारण विचारल्यावर म्हणाला, "फुफ्फुसं मला आत्ता लागणार आहेत." मग सिस्टरनी दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल बोलायला घेतलं.

हे संभाषण कसं होतं यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आईबाबांना आधी बाहेर कल्पना दिली, आत एकट्या मुलाशी बोलणं झालं. सिस्टर म्हणाल्या, "या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. येईलच असं नाही. पण उपचार सुरू व्हायच्या आधी वीर्याचा नमुना गोठवून ठेवता येतो. तुझ्या वयाच्या सगळ्या मुलांना मी हे विचारते." तो जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळाने विचारलं, "कुठे द्यायचा?" वेगळी खोली आहे, आतून कडी आहे, घाई नाही आणि बाहेर कोणी थांबणार नाही, हे त्याला सांगितलं. "बाबांना कळेल?" गोठवायचंय एवढं त्यांना माहीत आहे, बाकी काही नाही. "जमलं नाही तर?" तर उद्या पुन्हा प्रयत्न करू, तेही नाही जमलं तर दुसरे मार्ग आहेत. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर तो तयार झाला. मूल हवं की नको याबद्दल सतरा वर्षांच्या मुलाचं काहीच मत नसतं, आणि असावं अशी अपेक्षाही नको. दार उघडं ठेवायचंय का, एवढंच विचारायचं असतं.

पहिल्या नमुन्यात शुक्राणू कमी निघाले. हॉजकिनमध्ये उपचारांच्या आधीच असं होऊ शकतं, आजार आणि ताप दोन्ही त्याला कारण असतात. पूर्वी अशा नमुन्याचा उपयोग नव्हता. १९९२ साली एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या तंत्राने झालेल्या गर्भधारणांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून थोडे शुक्राणूही पुरतात. दोन दिवसांनी दुसरा नमुना घेतला आणि दोन्ही गोठवले. श्वासाची स्थिती स्थिर होती, म्हणून केमो तेवढे दिवस पुढे ढकलता आली. बाबांना आधी हे सगळं अवेळी वाटत होतं. "पोरगा वाचेल का ते आधी बघा," असं ते म्हणाले होते. मुलगा वाचणार हे धरूनच डॉक्टर हा विषय काढतायत, हे लक्षात आल्यावर त्यांचा सूरच बदलला.

रुग्ण मुलगी असती तर हेच गणित अवघड झालं असतं. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि बीजकोशाचा तुकडा काढून ठेवायचा तर भूल द्यावी लागते, जी छातीत मोठी गाठ असताना धोक्याची. छातीला रेडिएशन द्यावं लागलं तर तरुण मुलींमध्ये पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ठळकपणे वाढतो, म्हणून त्यांची तपासणी वयाच्या पंचविशीत किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा सुरू करतात. अशा मुलीसाठी हे टेबल कदाचित वेगळ्या निर्णयावर उठलं असतं.

पहिलं चक्र दंडातून घातलेल्या नळीवाटे झालं. गाठ आक्रसून श्वास मोकळा झाल्यावर छातीच्या त्वचेखाली पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवला. बाहेर नळी लोंबत असेल तर पाण्यात उतरता येत नाही, पोर्टची जखम भरल्यावर आणि पांढऱ्या पेशी बऱ्या असताना येतं. व्रण राहील हे सांगूनही त्याने पोर्ट मागितला.

दुसऱ्या चक्रात गोळ्या थांबल्या. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, त्याच्या अंगकाठीला दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या वर. आई म्हणत होती, सगळ्या घेतो, मी स्वतः काढून देते. सिस्टरनी त्याला विचारलं ते असं : "बहुतेकांच्या काही गोळ्या राहतातच. तुझ्या किती राहिल्या?" नवव्या दिवसापासून एकही घेतली नव्हती. चेहरा सुजला होता, अंगावर पुटकुळ्या आल्या होत्या, रात्री झोप नव्हती आणि धाकट्या बहिणीवर तो इतका ओरडला होता की त्याचं त्यालाच वाईट वाटत होतं. मित्रांनी टाकलेल्या फोटोत स्वतःला पाहिल्यावर त्याने ठरवून टाकलं. शिरेतून दिलेली औषधं खरी, गोळ्या आपल्या जोडीला असाव्यात, असंही त्याला वाटत होतं.

ओरडून काही साधलं नसतं. पेट स्कॅनची तारीख कॅलेंडरवर दाखवून सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी गाठ पुरेशी विझलेली दिसली तर छातीला रेडिएशन नाही. गोळ्या त्याच कामाच्या आहेत." हे त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. सूचनापत्रात होतं, आईच्या पर्समध्ये. मग पूर्ण मात्रा सकाळच्या वेळात हलवली म्हणजे झोप लागेल, पुटकुळ्यांवर औषध दिलं, आणि गोळ्यांची जबाबदारी आईकडून काढून त्याच्याकडे दिली. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या त्याने पूर्ण केल्या, चुकलेल्या मात्र एकदम भरून काढायला दिल्या नाहीत. आईला हे बदल सहज पचले नाहीत. मुलगा आजारी असताना त्याच्यावरची नजर काढून घ्या असं सांगणं कोणत्याही आईला कठोरच वाटेल. तिला वेगळं काम दिलं : १०० फॅरनहाइटच्या वर ताप गेला की वेळ न पाहता फोन करायचा.

पेट स्कॅनमध्ये उरलेल्या गाठीची चमक डोव्हिल मोजपट्टीवर २ निघाली. ही पट्टी १ ते ५ अशी असते, आकडा जितका लहान तितका आजार शमलेला. रेडिएशन टळलं.

कॉपडॅकची चार चक्रं त्या मानाने सरळ गेली. परीक्षेचे दोन पेपर पुढे ढकलले, बाकीचे त्याने दिले. त्यातल्या व्हिनक्रिस्टीन या औषधामुळे बोटांना मुंग्या येऊन शर्टची बटणं लावता येईनात, आणि बद्धकोष्ठाबद्दल तो संकोचाने आठ दिवस काही बोलला नाही. त्यानंतर सिस्टरनी ते प्रश्न तोंडी विचारणं बंद करून फोनवर टिकमार्क करायला दिले. जे तोंडाने सांगता येत नाही ते बोटाने सांगता येतं, असा या वयाच्या रुग्णांचा अनुभव आहे.

उपचार संपल्यावर आठ महिन्यांनी उजव्या खुब्यात दुखायला लागलं. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा छोटा भाग रक्तपुरवठ्याअभावी मृत झालेला दिसला. स्टिरॉइडचा हा दुष्परिणाम वाढीच्या वयातल्या मुलांना जास्त गाठतो. भाग लहान होता, हाड खचलेलं नव्हतं. शस्त्रक्रिया केली नाही. धावणं आणि उड्या बंद, पोहणं चालू, ठरावीक अंतराने पुन्हा एमआरआय. एबीव्हीडी घेतलं असतं तर हे बहुधा झालं नसतं, हे त्याला स्पष्ट सांगितलं. निवड चुकली का, असं बाबांनी विचारलं. मला ती चुकली असं वाटत नाही. हृदयावर निम्मा भार आणि फुफ्फुसांवर शून्य, याच्या बदल्यात पत्करलेला हा धोका त्याच्यासमोर आधी मांडलेला होता आणि त्याने तो समजून घेतला होता. तरीही पहिल्या दिवसापासून "गुडघा, खुबा दुखला तर लगेच सांग" हे वाक्य अधिक ठळकपणे सांगायला हवं, असं संयुक्त पथकाने आपल्या सूचनांमध्ये लिहून घेतलं.

अठरा पूर्ण झाल्यावर त्याला प्रौढविभागाच्या पाठपुराव्यात सोपवलं. एका पानाचा उपचारसारांश त्याच्या स्वतःच्या हातात दिला : कोणती औषधं, एकूण किती, कोणतं रेडिएशन (काहीच नाही), हृदयाची इको तपासणी केव्हा, वीर्यतपासणी केव्हा, खुब्याचा पुढचा एमआरआय केव्हा. एक ओळ लाल अक्षरांत होती. हॉजकिन झालेल्यांना पुढे कधी रक्त द्यावं लागलं तर ते किरणांची प्रक्रिया केलेलंच द्यावं, असं ब्रिटिश मार्गदर्शन सांगतं, आणि ही खबरदारी आयुष्यभराची आहे. अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाला ते सांगता येणार नाही, म्हणून त्याचं वेगळं कार्ड पाकिटात.

गोठवलेल्या नमुन्यांच्या साठवणीचा फॉर्म आजवर बाबांनी भरला होता. यापुढे दर नूतनीकरणाला सही त्याची लागणार, आणि पत्ता बदलला तर कळवायची जबाबदारीही त्याचीच. पहिल्या प्रौढ भेटीला तो एकटा आला, फॉर्म स्वतः वाचला, आणि आपल्या मृत्यूनंतर नमुन्यांचं काय करायचं या रकान्यावर थांबून डॉक्टरांना म्हणाला, "हे मी घरी नेऊन विचार करून भरतो." पुढच्या भेटीत तो भरून आणला.